दोन ठोके

“उद्याचा मुक्काम सिलिगुडीला, अधिकराव साळुंख्यांकडं,” मालक म्हणाले आणि बशीत चहा ओतून घेतला.

पूर्णियाच्या पुढं रस्त्याकडेला एक टपरी होती, तिथं आम्ही संध्याकाळचे थांबलो होतो. माझ्या हातातलं बिस्किट चहात पडून तळाला गेलं. मी ते चमच्यानं काढत बसले, कारण दुसरं काही सुचेना.

“कुठले अधिकराव?”

“किती अधिकराव ठावं हाईत तुला? आपल्या विट्याचे. वृषालीचं वडील.”

“आन् हे मला आज सांगताय?”

“आदी सांगितलं असतं तर गाडीत बसली असतीस व्हय?”

नसते बसले. मालकांना मी पक्की ठाऊक होते. मालक म्हणजे माझा नवरा, सर्जेराव. आमच्याकडं बायका नवऱ्याला मालक म्हणतात, मीही म्हणत आले, आणि त्यात किती खरं आहे याचा विचार मी सहा वर्षांपूर्वीच्या त्या प्रवासापर्यंत कधी केला नव्हता.

विट्यातल्या एका शाळेची बस त्यांनी बत्तीस वर्षं चालवली. निवृत्त झाले तेव्हा शाळेनं मोडीत काढलेली मिनीबस त्यांनीच घेतली. पिवळ्या रंगावर पांढरा मारला, बाकडी काढून आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली आणि मोबाइलवर बघून तिला कॅम्पर व्हॅन म्हणायला लागले. शेजारी तिला ‘बिऱ्हाड’ म्हणायचे आणि तेच बरोबर होतं. ऊन पडलं की पांढऱ्या रंगाखालून ‘स्कूल बस’ ही अक्षरं फिकट वर यायची. मालकांना ती दिसत नसत.

देशात सूर्य जिथं पहिला उगवतो त्या अरुणाचलापर्यंत जायचं, असा त्यांचा बेत होता. हॉटेलचा प्रश्नच नव्हता. आमच्या तालुक्यातली माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. नागपूर, जबलपूर, बनारस, पाटणा, जिथं सराफ बाजार तिथं कुणीतरी आपलं माणूस सापडायचंच. त्यांच्या दारात गाडी लागायची, मालकांना फेटा बांधायचे, माझी ओटी भरायचे, आणि मग जेवणानंतर मालक गप्पांना बसायचे. गप्पांत त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

बस, शाळा, पोरं असं करत करत गाडी त्या एका दिवसावर यायचीच. मग ते आवाज बारीक करायचे, पण मला ऐकू जाईल एवढाच. “आमच्या मंडळींच्या हातनं एकदा चूक झाली,” म्हणायचे. सगळं सांगून झालं की शेवटी, “लोक म्हणालं, टाक हिला. पर मी टाकली न्हाई.” घरातल्या बायका माझ्याकडं बघायच्या आणि मालकांना आणखी एक लाडू वाढायच्या. बनारसला तर एका सुनेनं मांडीवरचं पोर माझ्याजवळून उचलून पलीकडं नेलं.

त्या बसवर मी मदतनीस होते. पोरं चढवायची, उतरवायची, मोजायची, मागं-पुढं बघायचं आणि बाहेरून पत्र्यावर तळहातानं ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मालक आरशात बघत नसत. “तुजा ठोका ह्योच माजा आरसा,” म्हणायचे, आणि लोकांना वाटायचं, काय जोडी आहे. पोरांनाही ते पाठ होतं. दोन ठोके पडले की बसपासून लांब सरायचं, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी शिकवायची.

या प्रवासातही तीच रीत चालू होती. ड्रायव्हरच्या केबिनमागं लाकडी फळ्यांची भिंत, तिला एक सरकती खिडकी, आणि मागच्या खोलीत मी. निघताना खाली उतरून चाकं बघायची, दोन ठोके द्यायचे, आणि गाडी हळू हलली की मागच्या दारातनं चढायचं. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मी हे दिवसातून पाचदा करत होते.

वृषाली तेव्हा सात वर्षांची होती. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. उतरताना तिची पाण्याची बाटली हातातून सुटली आणि गडगडत बसखाली गेली. मी त्या वेळी रस्त्याच्या पलीकडं होते, बालवाडीतल्या एका पोराला त्याच्या आजीच्या हाती देत होते. वळले तोवर गाडी हललेली होती. मी ठोका दिला नव्हता. मालकांना चहाची तलफ आली होती, एवढंच.

पोरीला उचलून दवाखान्यापर्यंत तेच पळाले, हे खोटं नाही. तिचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दवाखान्याच्या जिन्याखाली, रक्त वाळलेल्या सदऱ्यात, भर दुपारी त्यांनी माझे पाय धरले. “शालन, ठोका दिलास म्हण. मला आत टाकत्यात. लायसन जाईल. तू बाईमाणूस, तुला कोन काय करत न्हाई.” मी म्हटलं. पोलिसांपुढं म्हटलं, शाळेपुढं म्हटलं, अधिकरावांपुढं तर हात जोडून म्हटलं. इशाऱ्यावर गाडी हलली असं कागदोपत्री आलं आणि मालक सुटले. मला काढून टाकलं. गल्लीत हळदीकुंकवाचं ताट माझ्यापुढं आलं की तसंच पुढं सरकायचं. आम्हाला मूल नाही, तेव्हा ‘वांझेला काय कळणार पोराची किंमत’ हेही ऐकून झालं. मालक आणखी चौदा वर्षं बस चालवून शाल-श्रीफळ घेऊन बाहेर पडले.

त्या टपरीवर मी त्यांना पहिल्यांदा मागितलं.

“तितं एकदा सांगा. अधिकरावांपुढं. एवढंच.”

“काय सांगू?”

“मी ठोका दिला नव्हता म्हणून.”

मालक बराच वेळ बशी पुसत राहिले. “सांगून तिचा पाय उगवणार हाय का?”

“पाय कुठं मागतीया मी? माजं नाव तरी धुतलं जाईल. साळुंख्यांच्या घरात तरी.”

“बगू,” ते म्हणाले.

बघू म्हणजे नाही, हे पस्तीस वर्षांच्या संसारात मला कळत होतं. तरी रात्रभर मी त्या एका शब्दावर आशा लावून पडले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आम्ही सिलिगुडीत शिरलो. अपघातानंतर अधिकराव गलाईच्या धंद्यासाठी इथं आले होते. सराफ बाजारामागच्या गल्लीत त्यांचं घर होतं, पुढं भट्टीचं दुकान, बाजूनं अंगण. गाडी अंगणात घेऊन मालकांनी खिडकी सरकवली.

“तू आतच बस. उगं त्यांच्या जखमेवर मीठ नगं.”

“मग मला आणलं कशाला?”

“म्हंजे काय? सैपाक कोन करनार वाटंवर?” खिडकी बंद झाली.

पडदा बाजूला करून मी बघत होते. अधिकराव धावत बाहेर आले. केस सगळे पिकले होते. त्यांनी मालकांना मिठी मारली आणि रडले. “सर्जेराव, तुमी त्या दिशी उचलून पळाला नसता तर माजी पोरगी दिसली नसती,” म्हणाले. मग भट्टीवरची चार गडीमाणसं बोलावली आणि भगवा फेटा मागवला. मालक बाकावर मान ताठ करून बसले, फेटा बांधून घेतला आणि डोळे पुसले. मला वाटलं, आता सांगतील. माणूस एवढा रडल्यावर खरं बोलतो, अशी माझी आपली समजूत. मालक म्हणाले, “आमच्या मंडळी गाडीतच बसल्यात. तुमाला त्वांड दावायला लाजत्यात.”

मी पडदा सोडला.

थोड्या वेळानं पत्र्यावर दोन ठोके पडले. मागचं दार उघडलं तर बाहेर एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी चहाचा पेला घेऊन उभी होती. सलवारीखाली एक पाय जिवंत, एक तपकिरी, बूट घातलेला.

“ओळखलं, मावशी?”

“ओळखलं.”

“चहा घ्या.”

ती गाडीच्या पायरीवर बसली. मी खाली, तिच्या समोर. तिनं गाडीच्या पत्र्यावर नखानं खरवडलं, पिवळा रंग वर आला.

“एक विचारायचं होतं. पंधरा वर्षं झाली, कुणाला विचारायचं कळत नव्हतं. त्या दिवशी तुम्ही ठोके दिले होते?”

हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा म्हणून मी पंधरा वर्षं देव पाण्यात ठेवून बसले होते. मी म्हटलं, “नाही. पोरी, मी दिलेच नव्हते.”

मला वाटलं होतं ती रडेल, माझा हात धरेल. ती नुसती मान हलवत राहिली.

“मला माहीत आहे. मी चाकाजवळ होते ना. ठोके पडले नव्हते म्हणून तर मी आत शिरले. तुम्हीच शिकवलं होतं, ठोके पडल्याशिवाय गाडी हलत नाही.”

“अगं, मग—”

“मी सांगितलं होतं सगळ्यांना. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच सांगितलं, ठोके पडले नाहीत. पप्पांनी तोंडात मारली, म्हणाले, मावशी स्वतः कबूल करतायत, त्यांना काय वेड लागलंय? पोरगीच खोटारडी. ठोके ऐकूनसुद्धा बाटलीसाठी चाकात गेली. आई चार वर्षांपूर्वी वारली. जाईपर्यंत म्हणायची, बाई, ठोके ऐकून तरी सरायचं होतंस. मला मग स्वतःलाच वाटायला लागलं, पडले असतील. मी ऐकले असतील.”

तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होईना. मी नवरा वाचवला असं मला इतकी वर्षं वाटत होतं. खोटं बोलले, पण माझ्याच जिवावर बोलले, असा मला माझा अभिमानही होता. या लेकराचा मला एकदाही विचार आला नव्हता.

“चल,” मी म्हटलं, “आत्ता चल. तुझ्या पप्पांना सांगते.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “चला.”

बैठकीत मालक फेटा घालून चिवडा खात होते. मला बघून त्यांचा घास थांबला. मी उभ्यानंच बोलले, कारण बसले असते तर धीर गेला असता. “अधिकराव भाऊजी, त्या दिवशी मी ठोके दिले नव्हते. गाडी तशीच हलली. मी खोटं बोलले, ह्यांच्यासाठी. तुमची पोरगी खरं सांगत होती.”

बाहेर भट्टीचा पंखा घरघरत होता. मालकांनी वाटी खाली ठेवली आणि हात पुसले.

“बगा,” ते अधिकरावांना म्हणाले, अगदी मायेनं. “पंद्रा वर्सं झाली, अजून बाईच्या डोक्यातनं जाईना. हल्ली कायबी बोलती. मागं एकदा म्हनाली, मी बसवर नव्हतेच. म्हनून तर वारं पालटाय हिला घिऊन निघालो.”

“हे खोटं हाय,” मी म्हटलं. माझा आवाज चिरका निघाला, वेड्या बाईचा निघावा तसा.

अधिकराव उठले. त्यांनी मला हात जोडले. “वैनी, देवाच्या मनात हुतं ते झालं. जिवाला लावून घिऊ नगा. आमी तुमाला कवाच माफ केलंय.”

जे मी केलंच नव्हतं त्याची माफी मला मिळाली होती, आणि ती परतही करता येईना. मी वृषालीकडं बघितलं. ती दाराला टेकून उभी होती, एक शब्द बोलली नव्हती.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, “तू का गं गप्प राहिलीस?”

“मी सातव्या वर्षी बोलले होते,” ती म्हणाली. “आता तुम्हाला कळलं ना, कसं वाटतं ते?”

तिनं मला आत नेलं होतं ते यासाठी. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही.

मालकांनी मुक्काम रद्द केला. हिला बरं नाही, पुढं एखाद्या डॉक्टरला दाखवतो, म्हणाले. अधिकरावांनी रामराम घातला, आणि भट्टीवर कुणीतरी हाक मारली म्हणून ते आत वळले. मालक फेट्यासकट केबिनमध्ये चढले. इंजिन सुरू झालं. अंगणात मी आणि फाटकाशी वृषाली, एवढ्याच दोघी उरलो.

मी सवयीनं चाकं बघितली, मागची बाजू बघितली. माझी पिशवी, मोबाइल, औषधं, सगळं गाडीत होतं. मी काही ठरवलं होतं असं नाही. पत्र्यावर दोन ठोके दिले आणि मग माझा पाय उचललाच नाही. गाडी फाटकातून बाहेर पडली, गल्लीच्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली. मालकांनी मागं बघितलं नाही. ते कधीच बघत नसत.

वृषालीनं आतून खुर्ची आणून दिली. मी बसले. ती फाटकाला टेकून उभी राहिली.

अधिकराव बाहेर आले तेव्हा मला बघून दचकले. “वैनी? तुमी मागं कशा ऱ्हायला?” त्यांनी फोन लावला. अर्ध्या-पाऊण तासानं गाडी परत आली. मालक उडी मारून उतरले, फेट्याचा शेमला सुटून खांद्यावर आला होता.

“चढली न्हाईस व्हय? ठोकं तर दिलंस!”

गाडीत चढायचं राहिलं, यात मी कुठलीही लबाडी केली नव्हती. एवढं मात्र मला आजही शपथेवर सांगता येईल.

“मी ठोके दिले नाहीत,” मी म्हटलं.

“अगं, दोन दिलंस. ह्या कानानं ऐकलं मी.”

“नाही दिले. मी चाकं बघत होते. गाडी आपली हलली.”

मालक हसले. अधिकरावांकडं बघून म्हणाले, “बगितलं? ह्ये असं हाय.” मग त्यांना फाटकाशी वृषाली दिसली आणि त्यांचा चेहरा उजळला. “बाळ, तू हितंच हुतीस न्हवं? तू सांग. दोन ठोकं पडलं का न्हाई?”

वृषालीनं माझ्याकडं बघितलं नाही. सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून ती म्हणाली, “नाही काका. ठोके पडलेच नाहीत. मी इथंच उभी होते.”

“आसं कसं? नीट आठव—”

“माझ्यासमोर गाडी हलली. ठोके पडले नाहीत.”

भट्टीवरची माणसं दारात येऊन उभी राहिली होती. अधिकराव कधी मालकांकडं, कधी लेकीकडं बघत होते.

“अधिकराव, माज्यावर इस्वास ठेवा. मी उभ्या आयुष्यात ठोक्याबिगर गाडी—” आणि तिथं त्यांचं वाक्य थांबलं. पुढं ‘हलवली न्हाई’ एवढंच राहिलं होतं आणि ते त्यांना उच्चारता येईना.

अधिकराव जवळ गेले. “का थांबला, सर्जेराव? पुरं करा की.”

मालकांनी माझ्याकडं बघितलं. दवाखान्याच्या जिन्याखाली बघितलं होतं तसंच. मी गाडीच्या चाकाकडं बघत राहिले.

“त्या दिशी ठोकं पडलं हुतं का?” अधिकरावांनी विचारलं.

मालकांनी मान खाली घातली. आजच्या ठोक्यांबद्दल ते खरं बोलत होते, अक्षर न् अक्षर खरं, आणि त्या अंगणात एकाचाही त्यांच्यावर विश्वास नव्हता. मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण आनंदच झाला.

अधिकरावांनी हात वर केला. मला वाटलं मारतात. त्यांनी मालकांच्या डोक्यावरचा फेटा काढून घेतला, दोन्ही हातांनी, तसाच गुंडाळून गड्याकडं दिला. मग लेकीकडं वळले. तिच्या गालाला हात लावायला गेले, पण हात अर्ध्यावरच राहिला. ती बापाकडं न बघता घरात निघाली.

मी तिच्यामागं दारापर्यंत गेले. “पोरी, तू माझ्यासाठी—”

“तुमच्यासाठी नाही बोलले, मावशी,” ती म्हणाली. “तुमचं नि माझं आहे तिथंच आहे.” आणि एक पाय वाजवत, एक न वाजवता ती आत गेली.

मालक केबिनमध्ये जाऊन बसले होते. कुणी त्यांना जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. अधिकरावांनी मला गावाकडं जायचं तिकीट काढून द्यायला माणूस पाठवला आणि आतून दार लावून घेतलं. अंगणात इंजिन सुरू झालं. गाडी जागची हलेना. मालक स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघत होते.

मी दोन्ही हात पदरात घेऊन खुर्चीवर बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी इंजिन बंद केलं.